लोहकणापासून विळ्याच्या पेशीपर्यंत

संक्रांतीच्या आधी दोन दिवस आमच्या पांढरकवड्यातल्या कोणत्याही घरी डोकावून पाहा. चुलीवर गुळाचा पाक रटरटत असतो आणि घरातली आजी मधूनमधून त्याचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून पाहते. गोळी झाली का? नाही? मग अजून थोडे थांबा. साखरेचा पाक असेल तर ती थेंब दोन बोटांत धरून बोटे हळूच दूर करते आणि तार मोजते. एकतारी, दोनतारी. तिच्याजवळ काटा नाही, घड्याळ नाही. पण तिचा लाडू बिघडत नाही.

वाचकहो, आजी करते काय? ती पदार्थाला थोडेसे बळ लावते आणि तो कसा वागतो ते पाहते. एवढेच. आज मी तुम्हाला ज्या शास्त्राची हकीकत सांगणार आहे, त्या शास्त्राने याहून वेगळे काही केलेले नाही. फरक इतकाच, की त्याचा थेंब डोळ्यांना दिसत नाही इतका लहान असतो आणि त्याचे बोट म्हणजे लोखंडाचा एक कण असतो.

आधी दोन शब्दांचा उलगडा करून घेऊ, म्हणजे पुढे अडायला नको. मधात काडी घालून ढकलली, तर ती जड जाते, आणि सोडली की जिथल्या तिथे राहते, मागे येत नाही. वाहण्याला होणाऱ्या या विरोधाला श्यानता म्हणतात. रबर ताणून सोडले तर ते पहिल्या जागी येते. ही स्थितिस्थापकता. आता भाकरीचे नव्हे, पोळीची कणीक घ्या. तीत बोट रुतवा आणि काढून घ्या. खड्डा थोडा भरून येतो, पण पुरता भरत नाही. कणकेच्या अंगी दोन्ही स्वभाव आहेत. निसर्गातल्या बहुतेक मऊ वस्तू अशाच दुहेरी स्वभावाच्या असतात; आपल्या शरीरातल्या तर जवळजवळ सगळ्याच.

या दुहेरी स्वभावात वेळेला फार महत्त्व आहे, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल या मोठ्या शास्त्रज्ञाने 1867 साली गणिताने मांडले. रस्त्याच्या कामावर उरलेला डांबराचा गोळा पाहा. हातोडा मारला तर त्याचे टवके उडतात. पण तोच गोळा महिनाभर तसाच राहू दिला तर पसरून चपटा होतो. झटक्याला तो दगड, सावकाशीला तो पाणी. ही वेळेची गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिच्यावरच सगळे येऊन ठेपणार आहे.

मी या विषयाकडे वळलो तो एका मुलामुळे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. हुशार, पण थंडीच्या दिवसांत आठवडा आठवडा गैरहजर. त्याला सिकलसेलचा आजार होता. हातापायांची हाडे इतकी दुखत, की रात्ररात्र झोप नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात, एवढे मी त्याला पुस्तकातले सांगितले. त्यावर तो म्हणाला, "सर, बोट टोचलं त रक्त पातळच निघते. मंग ते अडकते कुठी?"

मला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता.

थेंब पातळ आहे हे खरे. पण एक घन मिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे पन्नास लाख असतात, आणि अडचण थेंबाची नसून त्यातल्या एकेका पेशीची आहे. पेशीची रुंदी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. तिला जायचे असते ते कधी कधी तिच्या निम्म्या रुंदीच्या केशवाहिनीतून. पोते जसे चिंचोळ्या दारातून दाबून न्यावे तशी ती स्वतःला दुमडून जाते. म्हणजे विचारायचे ते हे, की ही एकटी पेशी किती मऊ, किती ताठ? आजीचा हात तिथे पोचत नाही. मग मोजायचे कसे?

या मोजण्याचा इतिहास 1922 सालापासून धरला तर चालेल. त्या वर्षी बर्लिनमध्ये हर्बर्ट फ्रॉइंडलिख आणि अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम साइफ्रिझ यांनी जिलेटिनमध्ये निकेल धातूचा एक बारीक कण सोडला. निकेल लोहचुंबकाकडे ओढले जाते. बाहेरून चुंबकाने कण ओढायचा, सूक्ष्मदर्शकातून पाहायचे, चुंबक बंद करायचा आणि पुन्हा पाहायचे. कण मागे आला तर पदार्थ स्थितिस्थापक. किती मागे आला, त्यावरून किती स्थितिस्थापक. त्याच वर्षी आल्फ्रेड हाइलब्रॉन या जर्मन शास्त्रज्ञाने हीच युक्ती जिवंत पदार्थावर केली. कुजक्या लाकडावर वाढणारी एक बुळबुळीत बुरशीसारखी जीवजात असते, तिच्या अंगात त्याने लोखंडाचे कण घालून ते चुंबकाने हलवले.

शिक्षक मित्रांनो, हा प्रयोग तुम्ही शाळेत करू शकता. किराणा दुकानात चायना ग्रास मिळते, तिची अगदी सैल जेली एका काचेच्या ग्लासात लावा. लागत असताना तिच्यात सुईचा छोटा तुकडा सोडा. दुसऱ्या ग्लासात मध घेऊन त्यातही एक तुकडा टाका. आता बाहेरून चांगले जोरदार चुंबक जवळ आणा आणि दूर न्या. मधातला तुकडा सरकतो आणि सरकलेलाच राहतो. जेलीतला थोडासा झुकतो आणि चुंबक दूर गेले की मागे येतो. जेली घट्ट झाली तर तुकडा हलणारच नाही, म्हणून पहिल्या खेपेला फसलात तर पाणी वाढवा. माझी पहिली जेली विटेसारखी झाली होती.

त्या काळी जिवंत पेशीच्या आतला द्रव म्हणजे जीवद्रव्य, आणि हे जीवद्रव्य एकाच जातीचे काहीतरी अद्भुत रसायन आहे, अशी समजूत होती. ते पाण्यासारखे आहे की खळीसारखे, यावर पंडितांत वाद चालत. लोहकणांनी त्या वादाला पहिल्यांदा आकड्यांची भाषा दिली. तथापि ही गोष्ट पुढे पंचवीस वर्षे फारशी कोणी उचलून धरली नाही. फ्रॉइंडलिखला तर 1933 साली हिटलरच्या राजवटीत बर्लिन सोडावे लागले.

पुढचा माणूस मात्र असा आहे की त्याचे नाव तुम्ही दुसऱ्याच कारणाने ऐकले असेल. फ्रान्सिस क्रिक. 1953 साली जेम्स वॉटसनबरोबर डीएनएचा दुहेरी पीळ शोधणारा आणि 1962 साली नोबेल पारितोषिक मिळवणारा क्रिक. पण ते पुढचे. त्याच्या आयुष्याची सुरुवात रटाळ होती. लंडनला त्याला संशोधनासाठी विषय मिळाला तो तापलेल्या पाण्याची श्यानता मोजण्याचा. याहून कंटाळवाणा विषय कल्पनेतही सापडला नसता, अशा अर्थाचे त्याने स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाले, जर्मन बाँबहल्ल्यात ते उपकरण नष्ट झाले, आणि क्रिकला त्याचे फारसे दुःख झाले नाही. युद्धाची वर्षे त्याने ब्रिटिश आरमारासाठी पाणसुरुंगांवर काम करण्यात घालवली. त्यांत चुंबकीय सुरुंगही होते.

युद्ध संपले तेव्हा तो तिशीत होता, हाती पदवीपलीकडे काही नाही, आणि डोक्यात मात्र जिवंत आणि निर्जीव यांतली सीमा कुठे आहे हे शोधायचे वेड. 1947 साली तो केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत दाखल झाला. तिथे आर्थर ह्यूज यांच्याबरोबर त्याला काम मिळाले ते काय? पेशीच्या आत लोहकण हलवून तिची श्यानता मोजण्याचे! ज्या दोन गोष्टी त्याला येत होत्या, श्यानता आणि चुंबक, त्याच त्याच्यापुढे पुन्हा आल्या. नशीब माणसाला कधी कधी जुन्याच वाटेने नव्या गावी नेते.

त्यांनी कोंबडीच्या पिलाच्या गर्भातल्या पेशी काचेवर वाढवल्या. या पेशींना समोर आलेला बारीक कण गिळून टाकण्याची सवय असते. त्यामुळे सुई खुपसावी लागली नाही. चुंबकीय चूर्ण शिंपडले आणि पेशींनी ते आपण होऊन पोटात घेतले. मग तीन तऱ्हांनी पाहिले. कण ओढून पाहिला, कण डिवचून पाहिला, आणि कण जागच्या जागी फिरवून पाहिला. यांत तिसरी तऱ्हा मला सर्वांत सुबक वाटते. आधी मोठ्या चुंबकाने कणाला चुंबकत्व द्यायचे, नंतर आडव्या दिशेने हलके चुंबकीय बळ लावायचे. होकायंत्राची सुई वळते तसा कण वळू लागतो. किती वेगाने वळला त्यावरून श्यानता. बळ काढल्यावर किती परत फिरला त्यावरून स्थितिस्थापकता.

कण परत येई, पण पुरता येत नसे. कणकेतला खड्डाच तो! आणखी एक गोष्ट दिसली. पेशीचा अंतर्भाग कणाने ढवळला की काही वेळ सैल पडे. हे सर्व 1950 साली छापून आले. आणि पेशीच्या आतल्या भागाला काय म्हणावे, असे विचारलेच तर त्यांनी जी उपमा दिली ती कोणत्याही प्रयोगशाळेतली नव्हती. आईच्या शिवणाच्या टोपलीची होती. गुंड्या, मणी, टाचण्या, दोरे, सगळे एकात एक गुंतलेले. एकजिनसी अद्भुत जीवद्रव्याची कल्पना मोडीत निघायला इतरही कारणे होती, पण मला ही टोपली फार आवडते. जिवाचे रहस्य शोधायला गेलेल्या माणसाला घरातली गोधडी शिवणारी आई आठवली!

क्रिक स्वतः या कामाला फार मोठे मानत नसे. 1949 सालीच तो केंब्रिजमध्ये कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मॅक्स पेरुट्झच्या गटात गेला. आणि इथे गोष्ट आपल्या विदर्भाकडे वळते.

सिकलसेल पहिल्यांदा शास्त्राच्या नोंदीत आला 1910 साली, शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांच्यामुळे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या लांबट-वाकड्या आहेत असे त्यांनी लिहिले. 1949 साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष पेशीत नसून तिच्यातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. आणि 1956-57 मध्ये पेरुट्झच्या त्याच गटातल्या व्हर्नन इनग्रॅमने नेमका दोष पकडला. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत 146 दुवे. त्यांतला सहावा तेवढा बदललेला. एका दुव्याच्या चुकीवर एवढे दुखणे! क्रिक तिथेच होता आणि या प्रश्नात त्याचे मन गुंतलेले होते. इकडे 1958 साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. त्याआधी 1952 साली दक्षिणेत निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला होताच. आज आपल्याला ठाऊक आहे की विदर्भात हा आजार अनेक समाजांत आहे. तो एका जातीचा किंवा जमातीचा म्हणणे चुकीचे, आणि तसे म्हणून सोयरीक मोडणे तर त्याहून चुकीचे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. दोष असलेले हिमोग्लोबिन प्राणवायू धरून असते तोवर सुटे सुटे राहते, पेशी मऊ असते. शरीराच्या दूरच्या भागात प्राणवायू देऊन टाकला, की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात आणि पेशीच्या आत पाणी होते तिथे जेली होते. बोटातून निघालेला थेंब पातळ असला, तरी त्यातली एखादी पेशी केशवाहिनीच्या दाराशी ताठ होऊन अडकू शकते. पण काड्या लगेच बनत नाहीत. मधे थोडा वेळ जातो. अमेरिकेत बेथेस्डा इथे हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी 1974 साली हे दाखवले. त्या वेळात पेशी केशवाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे परतली, तर ती सुटली. नाही तर अडकली. म्हणजे ही शर्यत वेळेची आहे. आणि हा वेळ हिमोग्लोबिन किती दाट आहे त्यावर फार अवलंबून असतो. थोडा दाटपणा वाढला की वेळ कितीतरी पटींनी घटतो. शरीरातले पाणी कमी झाले की पेशी आक्रसते आणि आतले हिमोग्लोबिन दाट होते.

म्हणून शिक्षकांना मुद्दाम सांगतो. वर्गात असा विद्यार्थी असेल तर त्याला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, मधेच पाणी प्यायला आणि लघवीला जाऊ द्या. एप्रिलच्या उन्हात कवायतीला उभे करू नका, थंडीत सकाळच्या शाळेला स्वेटरवाचून बसवू नका. तो गैरहजर राहिला तर आधी चौकशी करा, मग रागवा. मीही एकदा आधी रागावलो होतो.

राहिला प्रश्न मोजण्याचा. लोहकणाला नवा भाऊ मिळाला तो अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत. आर्थर ॲश्किनने 1970 साली दाखवले की लेसरच्या प्रकाशझोताने बारीक मणी ढकलता येतो. 1986 साली त्याने एकाच झोताने मणी धरून ठेवण्याची युक्ती साधली. हा प्रकाशाचा चिमटा. पुढच्याच वर्षी त्याने त्यात जिवंत जिवाणू धरले. या कामाबद्दल 2018 साली त्याला नोबेल मिळाले तेव्हा तो 96 वर्षांचा होता. चिमट्याचे बळ मोजतात ते पिकोन्यूटनमध्ये. एक पिकोन्यूटन म्हणजे किती? साधारण एका तांबड्या पेशीचे वजन, इतके.

मग पेशींचीच परीक्षा सुरू झाली. 1999 साली पॅरिसमध्ये तांबड्या पेशीला दोन बाजूंनी काचेचे बारीक मणी चिकटवून ते प्रकाशाच्या चिमट्याने ओढले आणि पेशी किती ताणते ते पाहिले. 2003 साली ब्राझीलच्या संशोधकांनी सिकलसेलच्या रुग्णांच्या पेशी याच चिमट्यात धरून द्रवातून ओढल्या. या खेपेला मण्याचीही गरज नव्हती. पेशीच ओढायचा कण झाली. वेग वाढवावा तशी ती लांबते, आणि किती लांबते त्यावरून तिचा ताठपणा कळतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या पेशी, ते न घेणाऱ्यांच्या पेशींपेक्षा कमी ताठ आढळल्या. आपल्याकडे मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, हिवतापाच्या जंतूंनी घेरलेल्या तांबड्या पेशी प्रकाशाच्या चिमट्यात फिरवून पाहिल्या. त्यांचे फिरणे निरोगी पेशींहून निराळे होते. ते काम 2004 साली प्रसिद्ध झाले. 2007 साली अमेरिकेत पेशीवर चुंबकीय मणी चिकटवून तो मागेपुढे पिळून पाहिला. क्रिक आणि ह्यूज यांची तिसरी तऱ्हाच ती, फक्त कण पेशीच्या पोटातून पाठीवर आला.

हिवतापाचा उल्लेख उगाच केला नाही. 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले, की ज्याच्याकडे सिकलचा दोष एकाच पालकाकडून आला आहे, त्याला घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जंगलपट्ट्यात हा दोष पिढ्यानपिढ्या का टिकला, त्याचे हे कारण. पूर्वजांना त्याने वाचवले आणि आता नातवंडांची हाडे दुखतात.

इथे एक खुलासा करतो, नाही तर कोणी उद्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन प्रकाशाचा चिमटा मागेल. तो प्रयोगशाळेतच राहणार आहे. औषध पेशीवर काय करते, हे संशोधकाला त्याने कळते. गावच्या रुग्णाची तपासणी त्याने होत नाही. गावची तपासणी फार साधी आहे, पण तिचा आधार तोच गुणधर्म. बोटाचे थेंबभर रक्त एका द्रवात मिसळतात. त्या द्रवातले रसायन हिमोग्लोबिनचा प्राणवायू काढून घेते. निरोगी रक्ताचे द्रावण आरपार दिसते; सिकलचे हिमोग्लोबिन विरघळून राहत नाही म्हणून द्रावण गढूळ होते. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. नाही दिसल्या तर पुढची तपासणी. कारण या नळीला वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगता येत नाही. तो विद्युत्प्रवाहाने हिमोग्लोबिन वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीने कळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणी मूल रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक असते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे केंद्र सरकारच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात झाली. तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले.

तो विद्यार्थी पदवीधर झाला. आता औषध रोज घेतो. मध्यंतरी तो मला बसस्थानकावर भेटला. धाकट्या बहिणीचे लग्न ठरायच्या बेतात होते, म्हणून तिला तपासणीला घेऊन आला होता. नळीचे काय झाले, मी विचारले. "रेघा दिसल्या नाही सर," तो म्हणाला. मी गप्प राहिलो. मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. इलेक्ट्रोफोरेसिसचा निकाल होता. बहीण रुग्ण नव्हती, वाहक होती. "आता पोराचं रक्त तपासाले सांगितलं," तो म्हणाला, "ते लोक तयार हायेत." मग वणीची गाडी लागली आणि तो चढला.